जुन्या शिडाच्या बोटीचा डेक पुन्हा खरबरीत करताना

शिडाच्या बोटीवर वाऱ्याचा जोर वाढला की पुढचे शीड उतरवण्यासाठी कोणाला तरी नाळेपर्यंत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत, जावेच लागते. त्या वेळी त्याचे दोन्ही हात फडफडणाऱ्या कापडात गुंतलेले असतात, बोट एका अंगावर कललेली असते, डेकवरून पाणी वाहत असते, आणि त्याला बोटीवर धरून ठेवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे तळपायाखालचा खरबरीतपणा. तो झिजला की बोट कितीही देखणी दिसली तरी सुरक्षित राहत नाही. फायबरच्या जुन्या बोटीचा घसरडा झालेला डेक पुन्हा पकड धरणारा कसा करावा, ते येथे क्रमाने सांगतो. उदाहरणासाठी मी जे-२४ ही बोट डोळ्यांसमोर ठेवली आहे, कारण माझा हात तिच्यावरच बसला आहे. रॉड जॉनस्टन यांनी रेखाटलेली ही ७.३२ मीटर लांबीची बोट १९७७ पासून बांधली जाते आणि मुंबई बंदरातही या वर्गाच्या बोटी धावतात. तिच्या डेकची घडण त्या काळातल्या अनेक फायबर बोटींसारखीच असल्यामुळे पुढचे बहुतेक सगळे इतर बोटींनाही लागू पडते.

असा डेक साच्यात घडवलेला असतो. साच्यातच बारीक चौकटींची नक्षी असते, तिच्यावर प्रथम जेलकोटचा, म्हणजे रंगीत रेझिनचा, सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा थर देतात आणि काचतंतूंचे थर त्यानंतर चढतात. म्हणजे तीस-चाळीस वर्षे ज्या पकडीच्या भरवशावर आपण चालतो, ती सगळी या पातळ थराच्या उंचवट्यांची असते. उन्हाने जेलकोटची पांढरी भुकटी सुटते, पायांनी उंचवटे गोल होतात. परंतु माझ्या अनुभवात झिजेपेक्षा अधिक नुकसान चुकीच्या रंगाने होते. मी बोट घेतली तेव्हा तिच्या डेकवर कोणीतरी साध्या चकचकीत रंगाचे दोन-तीन हात मारलेले होते. रंग नक्षीच्या खोलगट भागांत साचून उंचवटे बुजले होते, आणि धक्क्यावर सुंदर दिसणारा तो डेक पहिल्याच लाटेनंतर शेवाळलेल्या पायरीसारखा झाला. शीड उतरवताना माझा पाय सरकला आणि कठड्याच्या तारेने अडवले म्हणूनच मी बोटीवर राहिलो. तेव्हापासून नक्षीवर नुसता रंग मी कधीही देत नाही. एक तर नक्षी आहे तशी जपावी, नाही तर तिच्या जागी नवा खरबरीत थर पूर्णपणे उभा करावा.

रंगाचा डबा उघडण्यापूर्वी डेकच्या पोटात काय आहे ते तपासणे आवश्यक आहे, आणि या पायरीवर घाई करणाऱ्याचे पुढचे सगळे श्रम वाया जाऊ शकतात. जे-२४ चा डेक सलग फायबरचा नाही. वर आणि खाली फायबरचे दोन पातळ थर आणि मध्ये बाल्सा लाकडाचा गाभा अशी त्याची रचना आहे. बाल्साचे तुकडे तंतू उभे राहतील असे बसवलेले असतात, म्हणून डेक हलका असूनही ताठ राहतो. मात्र कठड्याचे खांब, विंच, कप्प्या आणि झाकणांच्या पट्ट्या यांचे बोल्ट या गाभ्यातून आरपार गेलेले असतात, आणि बोल्टाभोवतीचे सीलंट, म्हणजे फट बंद करणारा लेप, वाळून सुटले की प्रत्येक भोक पाण्याची वाट बनते. पाणी मुरलेला बाल्सा फायबरपासून सुटतो आणि कालांतराने कुजतो. मग चालताना डेक पायाखाली किंचित दबतो. अशा जागेवर रंग दिला तर आतली ओल आत कोंडली जाते आणि कुजणे वरून दिसेनासे होऊन चालूच राहते.

तपासणीसाठी प्लास्टिकच्या डोक्याची लहान हातोडी किंवा स्क्रूड्रायव्हरची मूठ पुरते. दर तीन-चार सेंटिमीटरवर हलकेच ठोकत जावे. निरोगी जागी आवाज टणक आणि स्वच्छ येतो, सुटलेल्या जागी बद्द येतो. अशा जागेभोवती खडूने रेघ ओढावी. आजूबाजूला आवाज नको, म्हणून हे काम मी पहाटे करतो. शंका उरली तर केबिनच्या बाजूने, वरचा थर न फोडता, गाभ्यापुरते लहान भोक पाडावे आणि निघालेला भुसा बोटांत चोळून पाहावा. कोरडा बाल्सा फिकट आणि भुसभुशीत निघतो, कुजलेला काळपट आणि ओलसर निघतो. खराब भाग तळहाताएवढा असेल तर वरचा थर कापून, गाभा खरवडून, नवा बाल्सा इपॉक्सीत, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये, बसवून त्यावर काचकापड चढवता येते. तो अर्ध्या डेकभर पसरला असेल तर त्या हंगामात रंगाचा विचार सोडून द्यावा आणि आधी गाभा दुरुस्त करावा.

गाभा ठीक असेल तर डेकवरचे शक्य तितके सगळे सामान काढावे. खांबांच्या बैठकींना चिकटपट्टी लावून भोवतीने रंगवणे सोपे वाटते, पण रंगाची कड पहिल्यांदा तेथेच उचलली जाते. प्रत्येक वस्तू काढण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे आणि तिचे बोल्ट वेगळ्या पिशवीत नाव लिहून ठेवावेत. जोडकाम, म्हणजे डेकवर बोल्टांनी बसवलेले सगळे सामान, निघाले की भोके कायमची सुरक्षित करण्याची संधीही हाती येते. सहा मिलिमीटरच्या बोल्टासाठी असलेले भोक बारा मिलिमीटरचे करावे, खालून टेपने बंद करावे, त्यात आधी पातळ आणि लगेच सिलिका भुकटीने घट्ट केलेली इपॉक्सी भरावी, आणि ती पक्की झाल्यावर तिच्या मधोमध पुन्हा सहा मिलिमीटरचे भोक पाडावे. आता बोल्टाभोवती इपॉक्सीचे कडे राहते, आणि पुढे सीलंट सुटले तरी पाणी बाल्सापर्यंत पोहोचत नाही. तीस-चाळीस भोकांचे हे काम कंटाळवाणे आहे, पण माझ्या मते रंगापेक्षाही हेच काम बोटीचे आयुष्य अधिक वाढवते.

यानंतर स्वच्छता येते आणि येथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी धुणे, मग तेलकटपणा व मेण काढणे, आणि घासणे त्यानंतरच. पॉलिश पेपर आधी फिरवला तर पृष्ठभागावरचे मेण आणि सिलिकॉन ओरखड्यांच्या आत रेटले जाते, आणि तेथे रंग माशाच्या डोळ्यांसारखी वर्तुळे सोडून मागे सरतो. कडक ब्रश, गोडे पाणी आणि साबण यांनी डेक धुऊन वाळवावा. नंतर मेण काढणाऱ्या द्रावणाने तो दोन फडक्यांनी पुसावा. एका फडक्याने द्रावण लावावे आणि ते उडून जाण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलून घ्यावे. फडकी सतत बदलावीत, नाही तर मेण एका जागेवरून दुसरीकडे नेले जाते एवढेच. शेवटी डेकवर स्वच्छ पाणी ओतून पाहावे. पाणी सलग पसरले तर पृष्ठभाग तयार आहे. त्याचे थेंब होऊन ते आकसले तर पुसणे पुन्हा करावे.

घासण्यासाठी ८० नंबरचा पॉलिश पेपर योग्य आहे. जुना चकचकीत रंग किंवा पोपडे असतील तर ते पूर्ण निघाले पाहिजेत. नक्षीच्या खोलगट रेषांत कागद पोहोचत नाही, तेथे पितळी तारांचा ब्रश वापरावा; लोखंडी ब्रशच्या तुटलेल्या तारा डेकमध्ये राहतात आणि पहिल्या पावसात गंजाचे ठिपके उठतात. फायबरची भुकटी फुप्फुसांना आणि त्वचेला घातक आहे, त्यामुळे चांगला मास्क, चष्मा आणि लांब बाह्या यांच्याशिवाय मशिन चालू करू नये. नक्षी पुरती झिजली असेल तर तिचे उंचवटे घासून सपाट करावेत आणि उरलेल्या खळग्यांत इपॉक्सीची लांबी, म्हणजे खळगे भरायची पुट्टी, ओढून जागा एकसारखी करावी.

जेलकोटच्या केसासारख्या भेगांपैकी ज्या वरवरच्या आहेत त्यांना दोन-भागी, म्हणजे लावण्याआधी हार्डनर मिसळावा लागणाऱ्या, इपॉक्सी प्रायमरचे दोन हात पुरतात. खांबाच्या बैठकीभोवती ताऱ्यासारख्या पसरलेल्या भेगा मात्र डेक तेथे लवतो याची खूण असतात. त्या इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात उघडून लांबीने भराव्यात आणि जोडकाम परत बसवताना खालून मोठी आधारपट्टी द्यावी. ती दिली नाही तर त्याच भेगा वर्षभरात नव्या रंगातून डोके काढतात. इपॉक्सी पक्की होताना तिच्यावर कधीकधी मेणचट साय येते. ती थिनरने न पुसता साध्या पाण्याने आणि घासणीने धुवावी, आणि मगच त्यावर पुढचा पेपर किंवा रंग न्यावा.

आता हवामानाकडे वळू, कारण कोकण किनाऱ्यावर रंग बिघडण्याचे मोठे कारण हवेतली ओल हे असते. डेकचे तापमान हवेच्या दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या ओलीचे दव होते त्यापेक्षा, किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त असले पाहिजे. हवा २८ अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २३ अंशांवर असतो. म्हणजे डेक २६ अंशांच्या वर हवा. तेच तापमान असताना आर्द्रता ५० टक्क्यांवर आली की दवबिंदू १७ अंशांच्या आसपास उतरतो आणि काम निर्धास्त करता येते. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ मुंबई-गोव्याकडे उत्तम आहे. तोच शर्यतींचा आणि सफरींचा काळ असल्यामुळे बोट जमिनीवर घेण्याचे मन होत नाही, हे मी जाणतो. ज्यांची बोट पावसाळ्यात किनाऱ्यावरच असते त्यांनी भोके, लांबी आणि घासणे ही कामे ताडपत्रीखाली उरकावीत आणि रंगासाठी पाऊस पुरता ओसरून हवा कोरडी होईपर्यंत थांबावे. मे महिन्यात उलट अडचण येते: उन्हात तापलेल्या डेकवर रंगाची साय लगेच धरते आणि आतले थिनर कोंडून फोड येतात.

दिवसातली वेळही मोजून घ्यावी लागते. रात्रीचे दव सकाळी साडेनऊपर्यंत उडालेले असते आणि दुपारी समुद्रावरचा वारा सुटून धूळ व खारट ओल घेऊन येतो. मधल्या तीन-साडेतीन तासांत रोलर फिरला पाहिजे, म्हणजे संध्याकाळी पुन्हा दव पडण्याआधी रंग धरतो. दोन-भागी पॉलियुरेथेन रंगावर तो पक्का होण्यापूर्वी दव पडले तर चमक जाऊन पांढुरके डाग राहतात, आणि ते घासून पुन्हा रंगवण्याशिवाय उपाय नसतो. थंड देशांत बोट ठेवणाऱ्या मराठी मंडळींना उन्हाऐवजी थंडी आडवी येते; १० अंशांखाली बहुतेक इपॉक्सी आणि दोन-भागी रंग फार सावकाश पक्के होतात.

खरबरीत थराचे पर्याय अनेक आहेत. किवीग्रिपसारखा दाट, पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक लेप दातेरी पट्टीने पसरवून जाळीदार रोलरने त्याची टोके उठवतात. नवशिक्याला तो सर्वांत सोपा आहे, मात्र पहिल्या काही तासांत पाऊस आला तर वाहून जातो आणि त्याच्या टोकांत मळ अडकतो. इंटरडेकसारख्या रंगात बारीक खनिज कण आधीच मिसळलेले असतात. तो घेतल्यास डबा सतत ढवळत राहावे, कारण कण तळाशी बसतात आणि डेकचा पहिला भाग गुळगुळीत व शेवटचा भाग कानशीसारखा होतो. रबर-कॉर्कचे किंवा फोमचे तयार तक्तेही चिकटवतात. त्यांची पकड चांगली असते, पण कड सुटली की खाली पाणी साचते आणि जुना तक्ता खरवडून काढणे अतिशय कष्टाचे असते, म्हणून जुन्या बोटीसाठी मी ते सुचवत नाही.

माझी निवड दोन-भागी पॉलियुरेथेन रंगावर दाणे शिंपडण्याची आहे. दाण्यांपैकी पॉलिमरचे गोल मणी मला सर्वांत योग्य वाटतात. ते पायाला, गुडघ्याला आणि शिडाच्या कापडाला सौम्य असतात आणि पुढे घासून काढता येतात. ॲल्युमिनियम ऑक्साइड अतिशय टिकाऊ आहे, पण तो इतका कठीण असतो की दहा वर्षांनी डेक पुन्हा करताना त्यावर पॉलिश पेपर फुकट जातो. धुतलेली, वाळवलेली, एकसारख्या चाळणीची सिलिका वाळू स्वस्त असली तरी धारदार असते. किनाऱ्यावरची वाळू मात्र कधीही घेऊ नये; तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो आणि ते मीठ रंगाखाली ओल ओढत राहते. काही जण ओल्या रंगावर साखर पसरतात आणि रंग पक्का झाल्यावर ती कोमट पाण्याने विरघळवून खळग्यांची खरबरीत पाठ मिळवतात. पद्धत खरी आहे, पण आपल्या दमट हवेत साखरेचे गोळे होतात आणि धक्क्यावर मुंग्याही लागतात. निवड कोणतीही असो, प्लायवुडच्या फळीवर आधी नमुना करावा, त्यावर साबणाचे पाणी ओतून अनवाणी आणि बुटांनिशी उभे राहून पाहावे, आणि उघडा गुडघा टेकवूनही पाहावा.

रंगछटा फिकट राखी, मलई किंवा वाळूसारखी असावी. पांढरी शुभ्र छटा दुपारी डोळे दिपवते, आणि गडद रंगावर एप्रिलमध्ये अनवाणी पाय ठेवता येत नाही.

आखणी करताना सगळा डेक खरबरीत करू नये. डेकच्या कडेने पाणी वाहण्याची पट्टी, झाकणांच्या रबरी पट्ट्या टेकतात त्या जागा आणि जोडकामाच्या बैठकी गुळगुळीत ठेवाव्यात; त्या आधी रंगवून पक्क्या होऊ द्याव्यात आणि मग खरबरीत भागांची आखणी घ्यावी. दोन भागांमध्ये दोन ते अडीच सेंटिमीटरचे अंतर चांगले दिसते आणि पाणीही निचरते. प्रत्येक कोपरा एखाद्या डब्याच्या झाकणाभोवती पेन्सिल फिरवून गोल करावा, कारण टोकदार कोपऱ्यातून रंग पहिल्यांदा सुटतो. साध्या कागदी टेपखाली रंग झिरपतो, म्हणून बारीक कडेची प्लास्टिकची टेप वापरावी आणि तिची कड नखाने दाबून बसवावी.

रंगवायला दोन माणसे हवीत. एकाने नाळेकडून सुरुवात करून मागे येत रोलर फिरवावा, म्हणजे उतरण्याची वाट बंद होत नाही. दुसऱ्याने त्याच्या मागोमाग दाणे शिंपडावेत. एका वेळी एकच आखलेला भाग घ्यावा आणि तो अर्धवट सोडू नये. झाकणाला भोके पाडलेली मोठी बरणी हातभर उंचीवरून हलवावी, आणि ओला रंग कोठेही चमकताना दिसणार नाही इतके दाणे पडू द्यावेत. हात राखून शिंपडले तर ठिपक्याठिपक्यांचा डेक तयार होतो. जास्त झालेले दाणे दुसऱ्या दिवशी झाडून निघतात. पडलेल्या दाण्यांना हाताने थोपटू नये. या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट ही श्वासाला घातक रसायने असतात, त्यामुळे मोकळ्या हवेतही सेंद्रिय वाफेचे काडतूस असलेला मास्क आणि हातमोजे घालूनच काम करावे. धुळीचा कापडी मास्क येथे उपयोगाचा नाही. फवारणीने रंगवणे तर योग्य साधने असलेल्या कारागिराकडेच सोपवावे.

रंग चिकटसर असतानाच टेप मागे दुमडून ओढून काढावी. दुसऱ्या दिवशी न चिकटलेले दाणे मऊ ब्रशने झाडून व्हॅक्यूमने उचलावेत आणि गाठी झाल्या असतील तेथे पेपर हलकेच फिरवावा. मग आधीच्या रेषेच्या दोन मिलिमीटर बाहेर नवी टेप लावून दाण्यांवर रंगाचा एक हात द्यावा, म्हणजे कडेचे दाणेही रंगाखाली बांधले जातात. हा हात वाळल्यावर हाताने चाचपावे. दाणे टोचत असतील तर आणखी एक हात द्यावा, टोचत नसतील तर तेथेच थांबावे. तिसऱ्या हाताने आपण स्वतःच निर्माण केलेली पकड पुन्हा बुजवू लागतो. या शेवटच्या रंगात चमक कमी करणारे मिश्रण घातले तर डोळ्यांना आराम मिळतो. रंगाचा अंदाज काढताना डब्यावरचा आकडा गुळगुळीत पृष्ठभागाचा असतो हे ध्यानात ठेवावे; दाण्यांवरचा हात त्याहून बराच जास्त रंग पितो.

जोडकाम बसवण्याची घाई करू नये; रंगाच्या डब्यावर दिलेला पूर्ण पक्का होण्याचा काळ, बहुधा सात दिवस, जाऊ द्यावा. भोकाच्या वरच्या कडेला थोडा उतार द्यावा, म्हणजे सीलंटला बोल्टाभोवती गळपट्टीसारखे बसायला जागा मिळते. सीलंट म्हणून ब्युटिल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, किंवा पॉलिसल्फाइड योग्य आहे. सिलिकॉन डेकवर आणूच नये, कारण त्याचा अंश पुढच्या प्रत्येक रंगाला नकार देतो; कायमचे चिकटणारे पॉलियुरेथेन सीलंटही टाळावे, नाही तर पुढच्या वेळी बैठकीसोबत डेकचा तुकडा निघतो. बोल्ट घट्ट करताना तो वरून स्थिर धरून फक्त खालचा नट फिरवावा, म्हणजे सीलंटची पकड मोडत नाही.

पुढची देखभाल थोडी आहे. प्रत्येक सफरीनंतर डेक गोड्या पाण्याने धुवावा, पक्ष्यांची विष्ठा वाळू देऊ नये, आणि गुळगुळीत भागांना मेण लावताना ते खरबरीत भागांवर जाऊ देऊ नये. नांगराची साखळी जेथे पडते तेथे दोन-तीन वर्षांत एखादा टवका निघतोच. त्यासाठी उरलेले दाणे घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावेत आणि तिच्यावर रंगाचे नाव, छटेचा क्रमांक, दाणे कोणते आणि त्यांवर रंगाचे किती हात दिले ते लिहावे. उघडलेला हार्डनर दमट हवेत टिकत नाही, म्हणून रंग नवा घ्यावा लागला तरी त्या नोंदीवरून टवक्याची जागा जुन्या डेकशी जुळवता येते.